उत्तरपत्रिका वाचली कोणी?

एका अंगाला शिरवण्याचं जुनं गावठाण, दुसऱ्या अंगाला टीटीसीची औद्योगिक वसाहत, आणि मधे सुट्टीच्या संध्याकाळी पेपर तपासणीवरचं व्याख्यान. आयोजकांच्या धाडसाचं कौतुक केलं पाहिजे. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण मुंबई विद्यापीठाचे आजी-माजी विद्यार्थी आहेत असं मला आत्ताच सांगितलं. म्हणजे आजच्या विषयाचे साक्षीदारही तुम्हीच आणि बळीही तुम्हीच. (हशा)

विषय असा आहे. चारपैकी एक पर्याय निवडायचा असतो तो पेपर यंत्राने तपासावा, त्यावर कुणाचं भांडण नाही. वाद आहे तो 'चर्चा करा', 'सविस्तर लिहा', 'परीक्षण करा', 'टिपा लिहा' या प्रश्नांचा. जिथे विद्यार्थी दोन-तीन पानं स्वतःच्या शब्दांत लिहितो, तिथे गुण देण्यासाठी चॅटजीपीटीच्या जातीची साधनं वापरावीत असा आग्रह आता वाढतो आहे. कारणंही दिली जातात: निकाल लवकर लागतील, सगळ्यांना एकाच मापाने मोजलं जाईल, प्राध्यापकांचा वेळ वाचेल. या आग्रहाची चिकित्सा मला करायची आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे ज्यांना जुईनगरहून गाडी पकडायची आहे त्यांना रुखरुख नको. यंत्राने परीक्षकाला तपासावं, विद्यार्थ्याला तपासू नये. हे असं का, एवढंच आता सांगायचं उरलं आहे.

आधी 2017 साल आठवू. कारण एआय हा शब्द आपल्याकडे घरोघर पोचण्याच्या आधी आपण यंत्राची एक हौस भागवून घेतलेली आहे. त्या उन्हाळी परीक्षांसाठी मुंबई विद्यापीठाने ऑनस्क्रीन मार्किंग आणलं. म्हणजे काय, तर उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, त्यांची चित्रं सर्व्हरवर चढवायची आणि प्राध्यापकांनी संगणकासमोर बसून त्या तपासायच्या. 477 परीक्षा, सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका. कायदा म्हणतो निकाल 30 दिवसांत लावा, फार तर 45. जुलै उजाडला तरी निकालांचा पत्ता नव्हता. राज्यपाल, म्हणजे विद्यापीठाचे कुलपती, सी. विद्यासागर राव यांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. शेवटचे निकाल सप्टेंबरात लागले. तोवर परदेशातले प्रवेश गेले, इथल्या पदव्युत्तर प्रवेशांचा खोळंबा झाला, विधी शाखेची मुलं कोर्टात गेली. काहींची उत्तरपत्रिका सापडेना, काहींची पुरवणी भलत्याच्याच मुख्य उत्तरपत्रिकेला जोडली गेली. 24 ऑक्टोबर 2017 ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

आता नीट लक्षात घ्या, यात यंत्राने एकही गुण दिला नव्हता. यंत्राचं काम फक्त हमालाचं होतं, गठ्ठा इकडून उचलून तिकडे टाकायचा. त्यातच एवढं रामायण झालं. मी तंत्रज्ञानाला दोष देत नाही. ऑनस्क्रीन पद्धत पुढेही चालू राहिली, आणि तिचे फायदे आहेत: बेरीज चुकत नाही, एखादा प्रश्न तपासायचा राहिला तर प्रणाली पुढे जाऊ देत नाही. 2017 मध्ये फसलं ते वेगळंच. छोट्या परीक्षेवर आधी करून पाहावं, सहा महिने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवाव्यात, एवढा धीर कुणाला नव्हता. वेळ वाचवण्याची घाई इतकी, की सगळा वेळ त्यातच गेला. एआयच्या बाबतीत हाच स्वभाव पुन्हा आड येणार, अशी माझी भीती आहे.

पण एआयच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा इतका खरा आहे की तो आधी मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणतात, माणूस तरी कुठे धड तपासतो?

नाहीच तपासत. हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. 1912 मध्ये स्टार्च आणि एलियट या दोन अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून 142 शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी 64 दिले, कुणी 98. लोक म्हणाले, भाषेचा विषय आहे, चालायचंच. मग त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली, तर फरक आणखी मोठा निघाला! त्याहून बोलका प्रयोग फिलिप हार्टोग आणि ऱ्होड्स यांचा, 1935 सालचा. हे हार्टोग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि 1929 च्या भारतीय शिक्षणावरच्या हार्टोग समितीचे अध्यक्ष. त्यांनी इतिहासाच्या 15 उत्तरपत्रिका 14 परीक्षकांना दिल्या. वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना पुन्हा दिल्या. एकूण 210 निकाल झाले. त्यांतल्या 92 मध्ये परीक्षकाने स्वतःचाच निवाडा बदलला होता. म्हणजे दोन माणसांचं सोडा, एका माणसाचंही स्वतःशी जमत नाही.

कॅप सेंटरवर, म्हणजे केंद्रीय मूल्यांकनाच्या जागी, जे बसले आहेत त्यांना याचं नवल वाटणार नाही. सकाळी साडेदहाला पहिला गठ्ठा उघडतो तेव्हा परीक्षक कडक असतो. जेवणानंतर मवाळ होतो. चारच्या सुमारास चहा उशिरा आला तर पुन्हा कडक. लागोपाठ पाच सुमार उत्तरपत्रिका आल्या की सहावी मध्यमही उत्तम वाटते. अक्षर चांगलं असेल तर हात सैल सुटतो. आणि हे सगळं कोण करतो आहे? पुष्कळदा तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण, ज्याला तीन महाविद्यालयांत मिळून कसाबसा महिना काढायचा आहे आणि ज्याला एका उत्तरपत्रिकेमागे जो मोबदला मिळतो त्यात बाहेर नीट जेवणही होत नाही. त्याला दोष देऊन आपण फार लांब जाणार नाही.

न्यायमूर्ती रानडे यांची एक गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. हे मुंबई विद्यापीठाच्या 1862 च्या पहिल्या बी.ए. तुकडीतले, चार जण उत्तीर्ण झाले त्यांतले एक. एल्फिन्स्टनमध्ये असताना एका निबंधात त्यांनी मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि इंग्रजांचं पारडं हलकं ठरवलं. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. आता पाहा, हा अन्याय आहे, पक्षपात आहे, सत्तेचा माज आहे. सगळं खरं. पण ग्रँटने तो निबंध वाचला होता! त्यातलं म्हणणं त्याच्या मनापर्यंत पोचलं, टोचलं, आणि तो चिडला. वाचणाऱ्या माणसाचा हाच धोका असतो, आणि निबंध लिहायला लावण्याचं कारणही हेच असतं. कुणाच्याच मनापर्यंत पोचणार नसेल तर एकोणीस वर्षांच्या मुलाला 'परीक्षण करा' असं सांगायचं तरी कशाला? रकाने भरायला द्यावेत.

यंत्र काय करतं ते आता पाहू. कल्पना नवी नाही. 1966 मध्ये एलिस पेज यांनी निबंध तपासणारी संगणकीय पद्धत मांडली. त्या काळचा संगणक अर्थ कळण्याच्या जवळपासही नव्हता. मग तो मोजायचा काय? निबंधाची लांबी, स्वल्पविराम, शब्दांची लांबी, अशा बाहेरच्या खुणा. आणि गंमत म्हणजे त्याचे गुण माणसांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळायचे. मला यात यंत्राची हुशारी कमी आणि माणसाची पोल जास्त दिसते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी एकमेकांना सांगत आलेत की परीक्षक पुरवण्या मोजतो, पानं भर, अधूनमधून अधोरेखित कर. त्या लोकज्ञानाला पेज यांनी शास्त्राचा दर्जा दिला, इतकंच. (हशा)

पुढे एमआयटीच्या लेस पेरलमन यांनी 2014 च्या सुमारास याची रेवडी उडवली. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन निरर्थक निबंध तयार करणारा एक प्रोग्राम बनवला. तीन शब्द द्यायचे, तो लांबलचक, भारदस्त शब्दांचा, शून्य अर्थाचा निबंध काढून द्यायचा. निबंध तपासणाऱ्या यंत्राने त्याला भरघोस गुण दिले.

आजची साधनं त्या पिढीतली नाहीत, हे मोकळेपणाने सांगतो. ती केवळ शब्द मोजत नाहीत. मुद्दा वेगळ्या शब्दांत आला तरी ओळखतात, तर्कातली फट दाखवतात, आणि गुणांसोबत कारणंही लिहून देतात, तीही नम्र भाषेत. कॅपमधल्या आमच्या लाल पेनच्या रेघोट्यांपेक्षा ते वाचायला बरं वाटतं. त्यांच्या खोडी वेगळ्या आहेत. तेच उत्तर दोनदा दिलं तर गुण वेगळे येऊ शकतात. लांब, नीटनेटक्या, मुद्देसूद मांडणीकडे त्यांचा कल असतो. टोकाचे गुण टाळून मधे राहण्याची सवय अनेकदा दिसते. आणि जी कारणं लिहून येतात ती गुण ठरवतानाची खरीखुरी कारणं असतीलच याची खात्री नसते. आधी आकडा, मग त्याला शोभेल असं स्पष्टीकरण. (हे काही प्राचार्यही करतात, पण ते राहू द्या.)

आणखी एक गोष्ट. उत्तरपत्रिकेतून परीक्षकाला विनवणी करण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. 'सर, घरची परिस्थिती बेताची आहे, पास करा.' 'मॅडम, लग्न ठरलंय.' क्वचित पानांमधे नोटही. परीक्षक हसतो किंवा हळहळतो, आणि गुण द्यायचे तेच देतो. आता तीच विनवणी यंत्राला उद्देशून लिहिली तर? 'या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत' असं वाक्य उत्तराच्या पोटात घुसवलं, तर ते वाक्य हा उत्तराचा भाग आहे की आपल्याला दिलेली आज्ञा आहे, यात भाषेची ही यंत्रं अजूनही गोंधळू शकतात. संगणक सुरक्षेतली ही मान्य झालेली अडचण आहे. पन्नास वर्षं जे फळलं नाही ते आता फळायची शक्यता आहे!

हे सगळं पुढेमागे सुधारेल. अक्षराचा प्रश्नही सुधारेल कदाचित. अडीच तासांच्या पेपरात शेवटच्या वीस मिनिटांत मराठी माध्यमाचा मुलगा कसं लिहितो, आठवा. शिरोरेघ गायब, 'ख' आणि 'रव' एक, 'भ' आणि 'म' एक, जोडाक्षरांचा गुंता, मागच्या पानावरची शाई पुढे उमटलेली. छापील मराठी वाचणं वेगळं आणि हे वाचणं वेगळं. यंत्राला जे लागलं नाही ते यंत्र कोरं सोडत नाही, अंदाजाने भरतं, आणि गुण पडतात ते त्या अंदाजाला. इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला हे कमी येतं. म्हणजे 'सगळ्यांना एकच माप' असं म्हणताना मापाची पट्टीच एका भाषेत सरळ आणि दुसरीत वाकडी असू शकते.

माणसाच्या आणि यंत्राच्या चुकीत मला मोठा फरक दिसतो तो इथे. शंभर परीक्षकांच्या शंभर खोडी असतात. त्या विखुरलेल्या असतात. एखाद्याचं नुकसान होतं, दुसऱ्या पेपरात भरून निघतं. यंत्राची खोड एकच, आणि ती त्या जातीच्या प्रत्येक उत्तराला, प्रत्येक पेपरात, प्रत्येक सत्रात लागते. बोली मराठीत लिहिणाऱ्यावर तिचा रोख असेल तर तो सगळ्यांवर असेल, आणि आकडे इतके सुसंगत दिसतील की कुणाला शंका यायची नाही.

एक उदाहरण घेऊ. उत्तर मी रचलेलं आहे, पण तुम्हाला ते ओळखीचं वाटेल. समाजशास्त्राच्या पेपरात 15 गुणांचा प्रश्न: 'नवी मुंबईच्या नियोजित विकासाचे स्थानिक समाजावर झालेले परिणाम यांची चर्चा करा.' आदर्श उत्तरात काय असणार? 1970 मध्ये सिडकोची स्थापना. 95 गावांच्या जमिनींचं संपादन. शेती, मासेमारी, मिठागरं यांकडून नोकरी-व्यवसायाकडे वळणं. 1984 चं जासईचं आंदोलन, दि. बा. पाटील यांचं नेतृत्व, पाच शेतकऱ्यांचं हौतात्म्य, आणि त्यातून आलेली साडेबारा टक्के भूखंडाची योजना. नागरीकरण, स्थलांतर, सांस्कृतिक बदल. पाच मुद्दे, प्रत्येकी तीन गुण. गाइडमध्येही हेच असतं आणि पाठ करणारा हेच उतरवतो.

आता शिरवण्याच्या गावठाणातली एक मुलगी हे लिहिते: 'साडेबारा टक्क्यात भूखंड मिळाला, तो बिल्डरला दिला, आता घरी भाडं येतं. वडील बरे आहेत. पण माझी आजी शेतावर होती तेव्हा पेरणी कधी करायची हे तिला विचारून ठरायचं. आता तिला कोणी काही विचारत नाही. तिच्याकडे पैसा आहे, पण काम नाही, त्यामुळे तिचं म्हणणंही नाही.' पुढे अर्धं पान असंच. 1970 साल लिहायचं राहिलं. जासई आहे, वर्ष चुकलं आहे. 'विस्थापन' हा शब्द कुठेच नाही.

याला किती गुण द्याल? जमिनीसोबत बाईच्या हातचं काम गेलं, आणि कामासोबत घरातला तिचा शब्द गेला, हे समाजशास्त्र आहे. आदर्श उत्तरात ते नव्हतं, कारण पेपर काढणाऱ्याला ते सुचलंच नव्हतं. 'तिचं म्हणणंही नाही' या वाक्याशी वाचणारा थांबतो. निदान थांबू शकतो. कदाचित मागे जाऊन आपलीच गुणांची योजना मोडतो आणि पाचापैकी दोनच मुद्दे असलेल्या उत्तराला बारा देतो. मॉडरेटरने विचारलं तर उत्तर देण्याची त्याची तयारी असते.

यंत्र काय करेल? ते हे वाक्य ओळखणारच नाही असं मी म्हणत नाही. आजची यंत्रं शेऱ्यात 'मार्मिक वैयक्तिक निरीक्षण' असं लिहूनही देतील. पण आपण त्याला पाच मुद्द्यांची योजना हातात देऊन बसवलेलं आहे. ते योजना पाळेल, आणि त्याने ती पाळावी हीच तर त्याच्याकडून अपेक्षा आहे. शेऱ्यात कौतुक, गुण पाच. योजना मोडायची मोकळीक त्याला दिली, तर कुणासाठी मोडली आणि कुणासाठी नाही याचा जाब कुणाला विचारायचा, हा नवा प्रश्न.

इथे टीकेचं टोक मला यंत्राकडून आपल्याकडे वळवावं लागतं. अशी उत्तरं आज माणसाच्या हातून तरी वाचतात का? फार थोडी. कारण मुक्तोत्तरी प्रश्न आपण कधीच बंद करून टाकले आहेत. 'चर्चा करा' असं छापतो आणि 'आठवा' असं तपासतो. वर्षाआड तेच प्रश्न, त्याच टिपा, 'महत्त्वाचे प्रश्न' म्हणून परीक्षेआधी वाटली जाणारी तीच यादी. परीक्षक मुद्द्यांवर टिचक्या मारत पान उलटतो. हे काम यंत्र उत्तम करेल, माणसापेक्षा उत्तम करेल, यात मला तिळमात्र शंका नाही. यंत्राला इतक्या सहज देता येतं म्हणजे ते काम वाचण्याचं उरलेलंच नव्हतं. एआय आणण्याआधी प्रश्नपत्रिका बदला, असं मी म्हणतो ते यासाठी. नाहीतर उद्या मुलं एआयकडून उत्तरं पाठ करतील, एआय ती तपासेल, आणि आपण मधे पर्यवेक्षक म्हणून पाणी पाजत फिरू. (हशा)

आता पुरस्कर्त्यांचं आवडतं आश्वासन: 'शेवटचा निर्णय माणसाचाच राहील.' हे वाक्य ऐकलं की मला पडद्यावरचं एक बटण दिसतं. यंत्राने उत्तर वाचलं, 15 पैकी 7 सुचवले, खाली तीन ओळींचं कारण, आणि त्याखाली 'मान्य' असं बटण. परीक्षकासमोर दिवसाला पूर्वीच्या तिप्पट उत्तरपत्रिका, कारण आता 'फक्त बघायचंच' आहे. मोबदला त्या प्रमाणात कमी, कारण पुन्हा तेच, 'फक्त बघायचंच' आहे. 7 मान्य केले तर एक क्लिक. 11 करायचे असतील तर कारण लिहा, वरिष्ठांकडे जाईल, तुमचा 'विचलनाचा' आकडा वाढेल. आपण सगळे बँकेत फॉर्मवर सही करताना अटी वाचतो तितक्याच काळजीने तो परीक्षक उत्तर वाचणार. आणि एकदा 7 हा आकडा डोळ्यांसमोर आला की मन त्याच्याभोवतीच घिरट्या घालतं, सहा का आठ. बारा मनात येतच नाही. बाजारात पहिला भाव ऐकला की घासाघीस त्याच्याच आसपास होते, तसं.

म्हणून मला क्रम महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने 2023-24 मध्ये शालेय परीक्षेतल्या लेखी उत्तरांसाठी आधी यंत्र आणि त्यातली साधारण चौथा हिस्सा उत्तरं माणसाकडे, असा क्रम घेतला. उलटा क्रम त्याच्या कितीतरी आधीचा आहे. 1999 पासून जीमॅटच्या निबंधाला एक माणूस आणि एक यंत्र स्वतंत्रपणे गुण देत. दोघांत एकापेक्षा जास्त गुणाचा फरक पडला तर उत्तर दुसऱ्या माणसाकडे जाई. ही माझ्या मनातली व्यवस्था आहे, थोडी आणखी घट्ट केलेली. परीक्षक आधी पूर्ण उत्तर वाचेल, गुण देईल, गुणांवर कुलूप पडेल. मग यंत्र स्वतःचे गुण देईल, आणि ते परीक्षकाला दिसणार नाहीत. 15 पैकी तीनपेक्षा जास्त फरक असेल तर उत्तर तिसऱ्याकडे, माणसाकडेच. त्या तिसऱ्याला ना पहिल्याचे गुण माहीत, ना यंत्राचे. दिवसअखेर यंत्राने परीक्षकाला सांगावं: जेवणानंतर तुमचे गुण सरासरी इतके वाढले. सहाव्या गठ्ठ्यापासून तुम्ही एका पानावर किती कमी वेळ थांबलात. मराठीतल्या आणि इंग्रजीतल्या उत्तरांना तुम्ही वेगळं मोजताय का, ते बघा. हार्टोगना जे कळायला दीड वर्ष लागलं ते त्याच संध्याकाळी कळेल. माणसाची सगळ्यात मोठी खोट, स्वतःशीच न जुळणं, यंत्र इथे भरून काढतं. आणि मघाच्या मुलीचं उत्तर? परीक्षकाचे बारा, यंत्राचे पाच. ते आपोआप तिसऱ्याच्या टेबलावर जाईल. म्हणजे गठ्ठ्यातलं सर्वांत वेगळं उत्तर दोन माणसं वाचतील.

यात वेळ वाचत नाही, हे मला माहीत आहे. थोडा वाढतोच. कुलगुरूंना ही योजना विकायला मी जाणार नाही. (हशा)

पण वेळेपलीकडे एक गोष्ट आहे, आणि ती कायद्यात बसलेली आहे. 1984 मध्ये महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांना फेरतपासणीचा आणि उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क नाकारला. त्यामागचा विश्वास असा की शिक्षणातल्या जाणकार व्यक्तींनी आपलं काम केलेलं आहे, कोर्टाने त्यात हात घालू नये. मग 2011 मध्ये, केंद्रीय मंडळाच्या म्हणजे सीबीएसईच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने माहितीच्या अधिकाराखाली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला. त्या निकालातला तर्क मला फार मोलाचा वाटतो. तपासलेली उत्तरपत्रिका ही परीक्षकाचं 'मत' नोंदवलेला दस्तऐवज आहे, म्हणून ती 'माहिती' आहे, म्हणून ती मागता येते. मत! गुण हे मत आहे, असं देशाचं सर्वोच्च न्यायालय म्हणतं. परीक्षकाचं नाव उघड करायची गरज नाही, असंही म्हणतं. नाव झाकलेलं चालेल, पण त्या नावामागे माणूस आहे हे गृहीत धरलेलं आहे. ज्याने वाचून मत बनवलं असा कुणीतरी.

आता सातावर 'मान्य' दाबलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत तुमच्या हातात आली. हे मत कुणाचं? यंत्राला मत नसतं, निष्पत्ती असते. परीक्षकाने ते बनवलं नाही, त्याने हरकत घेतली नाही एवढंच. कंपनी म्हणेल आम्ही साधन पुरवलं, निर्णय विद्यापीठाचा. विद्यापीठ म्हणेल अंतिम मान्यता परीक्षकाची. 1984 चा विश्वास ज्या जाणकार माणसावर उभा होता तो या साखळीत दाखवा. युरोपीय संघाच्या 2024 च्या एआय कायद्याने शिक्षणातलं मूल्यमापन 'उच्च जोखमी'च्या यादीत घातलं ते उगाच नाही. आणि जोखीम कुणाची? ज्याला पासासाठी दोन गुण कमी पडून केटी लागली, ज्याचं वर्ष गेलं, ज्याची कॅम्पसमधली नोकरी त्या निकालावर अडली होती त्याची. फेरतपासणीचे पैसेही त्यानेच भरायचे.

माझं बोलणं इथे थांबवतो. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमचे सर अंतर्गत परीक्षेच्या असाइनमेंट एआयकडून तपासतात असं वर्गात म्हणतात. आम्ही काय करायचं?)

भांडायला जाऊ नका. आधी नम्रपणे विचारा: सर, माझ्या उत्तरात तुम्हाला काय पटलं नाही? त्यांनी वाचलं असेल तर दोन मिनिटांत सांगतील, आणि ते तुमच्या उपयोगाचं असेल. सांगता आलं नाही तर लेखी अर्ज करा, वर्गातल्या चार-पाच जणांनी मिळून, महाविद्यालयाच्या परीक्षा समितीकडे. अर्जात एआय हा शब्दही घालू नका. गुण कोणत्या निकषांवर दिले आणि ते कोणी दिले, एवढंच विचारा. आणि विद्यापीठाच्या परीक्षेत निकाल अनपेक्षित लागला तर फेरतपासणीला पैसे भरण्याआधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. मुदत थोडी असते, निकाल लागला त्याच दिवशी तारीख बघून ठेवा.

(प्रश्न: सर, पण तुमच्या त्या मुलीला पहिल्याच परीक्षकाने पाच दिले, आणि यंत्रानेही पाचच दिले, तर?)

तर ती माझ्या योजनेतून निसटते. दोघांचं जुळलं म्हणजे तिसऱ्याकडे जाणारच नाही. त्यावर माझ्याकडे यंत्राचा उपाय नाही. प्रत्येक गठ्ठ्यातली काही उत्तरं, गुण जुळोत न जुळोत, चिठ्ठी टाकून तिसऱ्याकडे पाठवावीत. मॉडरेशन म्हणून आपण थोडंफार हे करतोच, ते नीट करावं. आणि तिने प्रत मागवावी. ती मागवेल का, तिला कोणी सांगेल का, ते इथे बसलेल्या प्राध्यापकांना विचारा. मागच्या रांगेत दोघे-तिघे आहेत, मला दिसतायत.